बिलानंतरचे कान

शेहेचाळीस हजार तीनशे.
कायतान मेस्तनं आकडा बेअरिंगच्या रिकाम्या खोक्यावर लिहिला,
तीनशेवर रेघ मारली,
म्हणाला, हे चहाचे सोडले.
खोकं अजून डॅशबोर्डवर आहे, गणपतीच्या शेजारी.
निघताना मी दोघांनाही हात लावतो.

ब्लॉक बोअर केला. पिस्टन, लायनर, रिंगा,
हेडखालचं पॅकिंग.
अकरा दिवस माझा छोटा हत्ती कुर्टीच्या गॅरेजात
पोट उघडून पडला होता
आणि मी नाटकाचे पडदे दुसऱ्याच्या टेंपोतून पाठवत होतो,
भाडं पदरचं.
कर्ज पतसंस्थेचं. जामीन सासरा,
जो त्यावर अजून एक शब्द बोललेला नाही,
जेवताना शेजारी बसूनसुद्धा.

आधी मी रेडिओ लावून गाडी हाकायचो.
इंजिन खोकलं की आवाज वाढवायचो.
आता रेडिओ बंद.
पैसे मोजून दिले की माणसाला नवे कान येतात.
उतारावरची घरघर, ब्रेकची बारीक शीळ,
प्रत्येकाला विचारतो,
तू आधी होतीस का गं?

पाचव्या दिवशी, बोरीचा चढ, दुसरा गिअर,
मागे अरण्य, राजवाडा, रस्ता, देऊळ,
चारही गुंडाळलेले,
शिरोड्याला अकराचा प्रयोग.
टक.
स्टीलच्या पेल्यावर नखानं वाजवावं, तसं.
मग थोडा वेळ काहीच नाही, ते जास्त वाईट.
मग टक टक टक.
बाबलो म्हणाला, पडद्याचा बांबू हलत असेल.
मी म्हटलं, असेल.
दोघांनाही ठाऊक होतं, बांबू मागे आहे
आणि आवाज आमच्या बुडाखाली.

वळणावर पांढरा धूर, आणि बसली.

फोनवर मी म्हटलं, कायतान, तुझं इंजिन.
तो म्हणाला, म्हजें न्हय, तुजें.

पण आला. वाड्यावरची लादाईन अर्धी सोडून,
स्कूटरवर, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात.
शर्ट खराब होईल म्हणून बाबल्यानं घाईत
हाताला लागला तो पडदा अंथरला.
अरण्य.
कायतान त्यावर उताणा झाला,
डोक्याशी रंगवलेला वड, कानाशी हरीण,
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला,
मूठ कानाला,
डोळे मिटलेले.

मी भांडणाची वाक्यं पाठ करून ठेवली होती.
ऐकणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

रिंगा बऱ्या आहेत, तो खालूनच म्हणाला.
हा इंजेक्टर. जुना.
आधी इंजिनात दमच नव्हता, म्हणून हा लपून होता.
आता दम आला, तो उघडा पडला.

किती?

एक ट्रक गेला. त्याच्या दिव्यात
वडाची पानं हिरवी झाली, परत काळी.

एकाचे आठ हजार, तो म्हणाला. दोन्ही घातलेस तर पंधरा.
खोक्यावर अजून जागा होती, पण त्यानं लिहिलं नाही.
कसलासा नट आवळला, हात गवताला पुसले.
शिरोड्यापर्यंत जाईल. दुसऱ्यावरच जा.
देवाचं नाव घे.
कुठल्या देवाचं, ते सांगितलं नाही.

पावणेबाराला पडदा लागला.
राजा म्हणाला, काय हे घनदाट अरण्य!
मधोमध तेलाचा डाग, माणसाच्या पाठीएवढा.
मागच्या रांगेतून ती सावली वाटत असावी.
कुणी हसलं नाही.

मी विंगेत उभा.
पेटीवाल्यानं भाता दाबला,
आणि पेटीच्या पोटात कुठेतरी
टक.
मी बाबल्याकडे पाहिलं.
तो आधीपासूनच माझ्याकडे बघत होता.